इंजिनाचं पाणी

माझं माहेर रोह्याजवळच्या अष्टमी गावाचं. दाराबाहेर पडून चार घरं ओलांडली की कुंडलिका नदी. पाणी जपून वापरायचं असतं, हे लग्नाआधी मला कोणी शिकवलंच नव्हतं. नव्वद साल उलटल्यावर लवकरच लग्न झालं आणि मी पेणच्या खाडीकडच्या गावात आले. तिथे तिन्ही बाजूंना पाणी, पण प्यायला थेंब नाही. बांधापलीकडे खाडी, बांधाअलीकडे भातशेती, आणि गोडं पाणी पार मोठ्या रस्त्याकडच्या नळाला. तेही नळाच्या मर्जीने. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी दोन हंडे माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "एक घरात ठेव गो, दुसरा इंजिनाला दे."

मला वाटलं, नव्या सुनेची थट्टा करतायत.

थट्टा नव्हती. घरामागे पत्र्याच्या पडवीत एक जुनं इंजिन होतं. दोन बाजूंना दोन अवजड चाकं, मध्ये काळं ओतीव धूड आणि डोक्यावर त्याच्यातच ओतलेली उघडी लोखंडी टाकी. त्या टाकीत पाणी भरायचं. इंजिन चालू झालं की पाणी तापायचं, उकळायचं, वाफ होऊन जायचं, की पुन्हा भरायचं. माझ्या आजेसासऱ्यांनी ते एका बंद पडलेल्या मिठागरातून बैलगाडीवर घालून आणलेलं. मिठागरात राहूनही ते खाऱ्या पाण्याने गंजलं नव्हतं, कारण म्हणे तिथल्या माणसानेही त्याला कायम गोडंच पाणी पाजलं होतं. आमच्याकडे ते गावाचं भात कांडायचं.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मामांची एक रीत होती. हंडा कोणीही आणो, ओतण्याआधी ते त्यात बोट बुडवायचे, जिभेला लावायचे, आणि मगच टाकीत ओतायचे. आमच्या भागात पाण्याचा भरवसा नसतो. उधाणाला विहिरीचं पाणी मचूळ होतं, तळ्याचं होतं, कधीकधी नळाचंही. पण मी डोक्यावरून वाहून आणलेला हंडा माझ्यादेखत चाखून बघितला, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय विष कालवून आणलंय? मान अवघडलेली, पाय चिखलात भरलेले, घरात पोटभर प्यायला नाही, आणि हे धूड गटागटा पाणी पिणार. पहिलं वर्षभर मी त्या इंजिनाला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत.

आणि तरीही, खरं सांगायचं तर, त्या इंजिनाने मला ओढ लावलीच. मामा हँडल फिरवायला लागले की आधी नुसतं लोखंडाचं घरघरणं, मग एक जड ठोका, मग लांब थांबणं, इतकं लांब की आता बंद पडलं असं वाटावं, आणि मग दुसरा ठोका. घाई म्हणून नव्हती त्याला. भिंतीला टेकवलेलं सूप ठोक्यागणिक थरथरायचं. माझी मुलगी तान्ही असताना इंजिन चालू झालं की रडं थांबवायची. संध्याकाळी टाकीत उरलेलं कढत पाणी सासूबाई खालच्या नळातून घमेल्यात काढायच्या, आणि आम्ही बायका त्यात पाय शेकत बसायचो. बांधावरून गवताचे भारे आणणारी माणसंसुद्धा पडवीशी उगाच थांबायची. नुसती बघत राहायची.

नवऱ्याला मात्र त्याचं कौतुक नव्हतं. तो डोलवीला कंपनीत कंत्राटावर जायचा, तिथली मोठमोठी यंत्रं बघून आलेला. "भंगार हाय ते, बाबा," म्हणायचा. "वडखळला देऊन टाका." मामा रागावायचे नाहीत. रोह्याचा एक म्हातारा मिस्त्री वर्षातून एकदा यायचा, इंजिन उघडून साफ करायचा, आणि जाताना दर खेपेला हेच सांगायचा, "याला कोण मारणार नाय, पाणी तेवढं सांभाळा." मामा ते वाक्य आठवडाभर सगळ्यांना ऐकवायचे.

एका वर्षी पाऊस नुकताच सरला होता. भात पिवळं पडायला लागलं होतं, कापणी तोंडावर आलेली. आणि पौर्णिमेच्या उधाणाला खेकड्यांनी पोखरलेल्या बांधाला खांड पडली, मोठं भगदाडच. खाडी शेतात शिरली. घरटी माणूस बांधावर धावला, पेंढा, माती, फाटे, मिळेल ते टाकून ओहोटीत खांड बुजवली. शेतातलं बरंचसं पाणी उघाडीच्या, म्हणजे बांधात ओहोटीला उघडणाऱ्या दारातून निघून गेलं. पण आमच्या बाजूची जमीन खोलगट. तिथलं पाणी काही हलेना. खारं पाणी भाताच्या मुळाशी राहिलं की भात तर जातंच, वर जमीनही जाते, पुढची कितीतरी वर्षं. भाड्याचे पंप वडखळला होते, पण त्या उधाणाने आजूबाजूची सगळीच गावं बुडवलेली. पंप कोणाला मिळत नव्हता.

तेव्हा मामांनी इंजिन बाहेर काढलं. बैल जुंपून ते बांधापर्यंत ओढत नेलं आणि त्याच्यासोबत मिठागरातून आलेला जुना पंप पट्ट्याने त्याला जोडला. पाणी खाडीत पडायला लागलं तेव्हा बांधावरची माणसं लहान मुलांसारखी ओरडली.

पण इंजिनाला प्यायला लागतं गोडं, आणि गावचं तळंही खांडीच्या पाण्याने खारट झालेलं. मग मी कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. प्रत्येक घरातून हंडा निघाला. बायका स्वतःच्या घरातलं प्यायचं पाणी डोक्यावर घेऊन बांधावर येत होत्या. ज्यांच्याशी सासूबाईंचं बोलणं नव्हतं, त्यांच्याकडूनही हंडा आला. मामा प्रत्येक हंड्यात बोट घालून चाखायचे आणि ओतायचे. कोणाला त्याचा राग आला नाही. माझाही राग त्या दिवशी गेला.

इंजिन थांबू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खाचरातले बांध पाण्याबाहेर दिसू लागले. मामांच्या पोटात आदल्या दिवसापासून अन्न नव्हतं. नवरा शिफ्ट करून तसाच बांधावर आला होता, तो म्हणाला, "तुम्ही जेवून या, मी बघतो." मी मामांना ओढूनच घरी आणलं.

मामा पानावर बसले होते. लांबून ठोका ऐकू येत होता. एक ठोका आला आणि त्याच्यामागून काहीतरी ताडकन वाजलं. मग पुढचा ठोका आलाच नाही. मामा हातातला घास टाकून उठले आणि खरकट्या हाताने धावत सुटले. मी मागून धावले.

बांधावर नवरा उभा होता. हातात बादली. इंजिनाच्या टाकीला वरपासून मधोमध तडा गेला होता आणि त्यातून वाफाळतं पाणी खाली गळत होतं. टाकी कोरडी पडत आली होती, हंडे यायला वेळ लागत होता, इंजिन बंद केलं तर पुन्हा चालू होईल की नाही याची भीती, शेत हातात येत आलेलं. त्याने समोरच्या खाडीचं गार पाणी बादलीने उपसलं आणि तापून लाल व्हायला आलेल्या लोखंडावर ओतलं. गावातल्या दोघी हंडे घेऊन अर्ध्या वाटेवर आल्याच होत्या. त्या तिथेच थांबल्या.

मामांनी तड्यातून गळणाऱ्या पाण्याला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. मग ते बांधावर खाली बसले. 

उरलेलं पाणी शेतात राहिलं. भात उभ्याउभ्या करपलं, आणि उन्हाने जमीन वाळली तशी तिच्यावर मिठाची पांढरी साय आली. रोह्याचा मिस्त्री येऊन गेला. इंजिनाभोवती एकदा फिरला, तड्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ओतीव हाय. सांधणार नाय." त्या दिवशी तो चहासुद्धा न घेता गेला. आम्ही पेणच्या बाजारातून तांदूळ विकत आणायला लागलो. ज्या घराने कधी तांदूळ विकत घेतला नव्हता त्या घराने.

पण त्याहून वाईट घरात झालं. त्या दिवसापासून मामांनी मुलाच्या हातचं पाणी घेतलं नाही. त्याच्याशी बोलायचे, त्याने आणलेलं खायचे, पण त्याने तांब्या पुढे केला की तो बाजूला ठेवायचे आणि मी येईपर्यंत तहानलेले बसून राहायचे. नवऱ्याने काही दिवस तांब्या पुढे करून पाहिला. मग सोडून दिलं. जोडून शिफ्टा करायला लागला, घरी आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. माझ्या माणसाचं असं वाळत जाणं मला बघवेना. एकदा न राहवून मी मामांना विचारलंच, "मामा, इंजिन मोठं का मुलगा मोठा?"

 ते म्हणाले, "इंजिनाचं नाय गो. गावानं तोंडचं पाणी आणून दिलं व्हतं. आन् यानं चाखल्याबिगर ओतलंन."

हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही. सांगून त्याला आणखी किती जाळायचं?

मामा गेले ते नव्वदचं दशक संपता संपता, भर दुपारी. आवाज आधीच गेला होता, पण नजर होती. गावातली वडीलधारी माणसं जमली होती. "तोंडात पाणी घाल रं," कोणीतरी नवऱ्याला म्हणालं. सासूबाईंनी तांब्या आणि चमचा त्याच्या हातात दिला.  मामांनी तोंड मिटून घेतलं तर माझा माणूस जन्मात उभा राहणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मामा त्याच्याकडेच बघत होते. ओठ घट्ट.

 नवऱ्याने लगेच चमचा भरला नाही. आधी तांब्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि मगच चमचा भरला.

मामांनी तोंड उघडलं.

एक चमचा गेला. दुसरा भरेपर्यंत ते राहिले नाहीत.