आमचे यकृतवाले भाऊजी

यकृताचा विषय न निघता माझ्या भाऊजींच्या घरी जेवण झालं, तर त्या दिवशी भाऊजी घरी नव्हते असं खुशाल समजावं. ऐंशीच्या सुमाराला मी नोकरीसाठी लखनौला, अमौसी विमानतळावर होतो आणि रविवारी आलमबागला ताईकडे जेवायला जायचो. भाऊजी एका संशोधन संस्थेत उंदरांच्या यकृतावर काम करत. यकृताचा मोठा भाग कापून काढला, तरी उरलेल्या पेशी सुस्ती झटकतात, आपल्या डीएनएची दुसरी प्रत तयार करतात, एकीच्या दोन होतात आणि यकृत बघता बघता पहिल्याएवढं भरतं. "आणि मग थांबतं," भाऊजी पोळीचा तुकडा हवेत धरून म्हणत. "वाढतं याचं नवल नाही रे. थांबायचं कधी, हे त्याला कोण सांगतं?" भाऊजींना ते सांगणारं मात्र कोणी नव्हतं. एकदा फुलकोबी निवडता निवडता त्यांनी भाजीवाल्यालाच सुरुवात केली, "भैया, आधी से ज़्यादा कलेजी काट दो, तब भी..." तो नम्रपणे म्हणाला, "बाबूजी, कलेजी अगली गली में मिलेगी."

मग ताईच्याच यकृतात गाठ निघाली. सर्जन म्हणाले, "आधा लिवर निकालना पड़ेगा." त्या दिवसापासून भाऊजी गप्प झाले. ऑपरेशन चालू असताना आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो. त्यांना धीर यावा म्हणून मी म्हटलं, "भाऊजी, उरलेलं वाढतंच ना? तुम्हीच तर सांगता."

"ते उंदरांचं रे," ते खाली बघत म्हणाले. "आत माझी बायको आहे."

दुपारी सर्जन बाहेर आले. गाठ साधी होती, पूर्ण निघाली होती. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलवली आणि जिन्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. पुढे काही आठवड्यांनी तपासणीत ताईचं यकृत छान भरून आल्याचं कळलं. मला वाटलं, आता भाऊजींचं व्याख्यान होणार. ते फक्त म्हणाले, "चला, घरी जाऊ."

त्या रविवारी गच्चीवर कोवळ्या उन्हात ताईसाठी पेरू चिरता चिरता ते बसल्या जागी झोपले. मी हाक मारणार, तर ताईने हातानेच थांबवलं. त्यांच्या हातातली सुरी हळूच काढून घेत ती म्हणाली, "झोपू दे. किती दिवसांनी झोपलेत."

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. तसा रविवार पुन्हा वाट्याला आला नाही.