तीसला चिकटलेली दोन अक्षरं

पंधरा दिवसांपूर्वी सकाळी कुकर लावत होते, तेवढ्यात मुलुंडहून दिनेशच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन आला. "हे गेले गं…" एवढंच बोलल्या.

दिनेश माझा पार्ल्याच्या कॉलेजातला मित्र आणि पुढे अंधेरीच्या छोट्या कंपनीत शेजारच्या टेबलावरचा सोबती. घरी वापरायच्या ऑक्सिजन मशीनचे प्रोग्रॅम आम्ही सी भाषेत लिहायचो. मशीन तीस दिवस चाललं, की फिल्टर बदला म्हणून त्याने वाजायचं. एकदा माल बाहेर पडायच्या आदल्या दिवशी बघतो तर काय, चालू करताच ते बोंबलायला लागलं. तीस दिवसांचे मिलिसेकंद काढायला तीस गुणिले चोवीस गुणिले साठ… असा साधा गुणाकार होता, आणि उत्तर उणे येत होतं; म्हणजे मशीनच्या लेखी मुदत आधीच उलटलेली.

"अरे, उत्तर ठेवायला एवढं मोठं लाँग लाँगचं भांडं घेतलंय ना!" मी वैतागले.

"उत्तर कुठे जाणार, हे त्या तीसला काय ठाऊक? तो इंटमध्ये, त्या छोट्या भांड्यात मावतो, म्हणून तो इंट. बाकीचेही इंट. मग गुणाकार इंटमध्येच होणार आणि तिथेच उतू जाणार. तुझं मोठं पातेलं नंतर येतं, यार."

त्याने तीसला चिकटून दोन वेळा एल टाइप केलं. बाकी कशालाही हात लावला नाही. तीस लाँग लाँग झाला, आणि त्याच्याशी गुणला जाणारा एकेक आकडा तसाच होत गेला. मशीन गप्प. मी थक्क झाले, पण माझ्याहून जास्त तोच हरखला होता. "प्रत्येक आकड्याने आधी लहान घरात मावून बघायचं, नाही मावला तरच पुढचं दार… कुणीतरी बसून ठरवलंय हे. मला अजून काटा येतो बघ."

पुढे फुप्फुसं थकली आणि आमचंच मशीन त्याच्या उशाशी आलं. शेवटच्या भेटीत नाकाला नळी, तरी हसत म्हणाला, "ऐक ना… बरोबर मोजतंय." मला रडू आवरेना.

परवा वहिनींकडे गेले. नळी कॉटवर पडलेली आणि मशीन चालूच.

"बंद करवत नाही गं. जायच्या आदल्याच दिवशी ह्यांनी नवा फिल्टर घालून घेतला. तो बदलायला वाजेल ना, तेव्हा करीन बंद."

मी मान डोलावली. वाजायला अजून काही दिवस होते. ते वेळेआधी वाजणार नाही, याची सोय त्याने कधीच करून ठेवली होती.