वहिनीने न दिलेली कुऱ्हाड

"शकू, तुही वहिनी गेली वो," एवढंच दादा बोलला. फोन त्याच्या हातात तसाच राहिला असावा, कारण पुढे बराच वेळ मला नुसता कोंबड्यांचा आवाज येत होता. मी इकडे चंद्रपुरात, गॅसवर दूध ठेवलेलं. ते उतू गेलं, शेगडी विझली, तरी मी फोन कानाला लावून उभीच. आदल्याच आठवड्यात मी वहिनीशी भांडले होते. कशावरून, तर मिरच्यांवरून! थोड्या वाळलेल्या मिरच्या पाठव म्हटलं तर बाईने एसटीत अख्खं पोतं टाकून दिलं. मी म्हटलं, मी काय खानावळ काढली? ती म्हणाली, "शेजारी वाट ना मंग, तोंड शिवलं हाय का तुहं?" मी रागाने फोन ठेवला. असं अर्धं भांडण टाकून जातं का कोणी? मला तर रडू फुटायच्या आधी तिचा रागच आला.

यमुनावहिनी आमच्या घरात सून होऊन आली तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते. आई लवकर गेली, त्यामुळे माझ्या वेण्या, माझी शाळा, माझं लग्न, सगळं हिनेच निस्तरलं. पुढे मी मास्तरीण झाले आणि साऱ्या वर्गाला दरडावत राहिले, पण तिच्यापुढे माझं कधी काही चाललं नाही. आमचं गाव सिंदेवाहीच्या अंगाला, जुन्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली. आम्ही ढिवर, मासेमारीवर जगणारे. गावातल्या ढिवरांच्या सोसायटीकडे तलावाचा पट्टा, म्हणजे मासळीचा ठेका. पावसाळ्यात मासळीची पिल्लं, म्हणजे बोटुकली, पाण्यात सोडायची, वर्षभर राखायची, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळ्यांनी मिळून मोठं जाळं ओढायचं. त्या एका ओढीवर घरं चालतात. तलावाचा राखणदार होता माझा दादा. मासळीवर त्याचा जीव असा, की कोणी पाण्यात नुसता खडा टाकला तरी हा पाळीवरून ओरडायचा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि दुसऱ्या दिवशी जाळं ओढायचं होतं, म्हणून मी माझी स्कूटी घेऊन गावी आले होते. सोसायटीचं मोठं जाळं आमच्या अंगणात पसरलेलं. वहिनी उजाडतानाच लाकडी सुई आणि निळा नायलॉनचा दोरा घेऊन जाळ्याचे फाटलेले डोळे विणत बसली होती. डागडुजी नेहमी आमच्याच घरी व्हायची, त्यासाठी सोसायटी असला दोरा वेगळा आणून द्यायची. मी चहा टाकत होते. तेवढ्यात तलावाकडून धडाम्‌ आवाज आला. लगेच दुसरा. भिंतीवरचं ताट खाली पडलं. वहिनी जाळ्यातून उठलीच नाही, नुसती म्हणाली, "गेली मासळी." चोरांनी बारुदाचा तोटा, म्हणजे सुरुंगाची कांडी, फोडला होता. तोटा पाण्यात फुटला की मोठी मासळी तर मरतेच, पण बोटभर पिल्लंही पोट वर करून तरंगायला लागतात. घराघरातून माणसं काठ्या घेऊन पाळीकडे धावली. दादा सगळ्यांच्या पुढे, अनवाणी.

मग आमच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, काटक्या मोडल्याचा आवाज झाला. मी मागचं दार उघडलं आणि माझ्या हातातली कपबशी सुटली. कुंपण ओलांडून एक माणूस आत आला होता. कमरेपर्यंत भिजलेला, तिशीतला, आमच्या गावचा नव्हे. उजव्या हाताला लुंगी गुंडाळलेली आणि ती लाल झालेली. "बाई, पाणी द्या," तो म्हणाला. "थ्रेशरमधी हात गेला माहा." उन्हाळी धानाची मळणी चालू होती हे खरं, पण इतक्या सकाळी कोणाचा बाप थ्रेशर लावतो? त्याच्या अंगाला फटाक्यांसारखा वास येत होता. तोटा फेकण्याआधी हातातच फुटला होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"वहिनी, दार लाव," मी म्हटलं.

ती माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. तिने कडीवर हात ठेवला. मी जीव तोडून सांगत होते... याने साऱ्या गावाच्या तोंडचा घास पाण्यात घातलाय. राखणदाराच्या घरात चोर सापडला तर लोक काय म्हणतील? दादाच याला सामील होता म्हणतील! तलाव जाईल, सोसायटी जाईल. तो जाऊ दे ना पुढच्या घरी, आपल्याच दारात काऊन? मी आजही म्हणते, मी एक शब्द चूक बोलत नव्हते. वहिनीलाही ते पटत होतं, तिचा चेहराच सांगत होता. बोटुकलीचे डबे डोक्यावर घेऊन पाळीपर्यंत तीच तर चालली होती. दार अर्धं लागलं होतं. बाहेर पाळीवरून आरडाओरडा जवळ येत होता. तो माणूस उंबऱ्याजवळ हळूच खाली बसला आणि त्याची मान कलंडायला लागली.

वहिनीने दार उघडलं. आधी त्याच्या थोबाडीत एक ठेवून दिली, अशी की मीच दचकले. "मेल्या, तुह्या हाताले काय जडलं होतं रे? लेकरायएवढी मासळी मारली!" आणि मग त्याच हाताने त्याची काख धरून त्याला आत ओढलं. "शकू, पाय धर त्याचे. पाहून काय राह्यली?"

त्याला चुलीपाशी टेकवला. लुंगी सोडली तेव्हा मी तोंड फिरवलं. वहिनीने दादाचं धुतलेलं धोतर फाडलं, हातावर घट्ट दाबलं, तरी रक्त थांबेना. बांधायला काही हवं होतं. तिच्या कमरेला अजून तो निळा दोरा खोचलेला होता, विणता विणता उठलेली ना. तिने तोच मनगटावर आवळला आणि जाळ्याला मारतात तशा गाठी मारल्या. हा दोरा कोणी ओळखेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही, तिच्याही नाही. मासळीवाल्या घरात बांधायचं म्हटलं की हात दोऱ्याकडेच जातो.

तेवढ्यात पुढच्या दारात दादाचा आवाज. "यमुने! कुऱ्हाड दे! रक्त पडलं हाय पाळीवर, दूर नाई गेला हरामखोर!"

कुऱ्हाड चुलीमागे टेकवलेली असायची, म्हणजे त्या माणसाच्या अगदी खांद्याशी. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हा ओरडतो. वहिनी उठली, मधली खोली ओलांडून पुढच्या दारात जाऊन उभी राहिली. चौकटीच्या दोन्ही बाजूंना दोन हात लावून. मी मधल्या दाराआडून बघत होते.

"कुऱ्हाड नाई देत," ती म्हणाली.

"काऊन?"

"नाई देत म्हणलं ना, अवो."

लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने दादाला कधी असं अडवलं नव्हतं. दादाच्या मानेच्या शिरा फुगलेल्या. तो एक पायरी चढला. तिला ढकलून आत यायला त्याला काय लागणार होतं? त्याची नजर तिच्या तोंडावरून चौकटीवरच्या हाताकडे गेली आणि तिथेच थांबली. हात कोपरापर्यंत लाल होता. तिने तो लपवला नाही. गल्लीतून कोणीतरी "भाऊ, इकडं या!" म्हणून हाक मारली. दादाने ओसरीवरचा डोंगा वल्हवायचा बांबू उचलला आणि पाठ फिरवून निघून गेला.

वहिनी परत आली. आणि हुकूम चालूच! "गाडी काढ. दवाखान्यात ने याले."

"मी? माझं डोकं फिरलंय का?"

"नाईतं मी पायी नेतो," ती म्हणाली. आणि नेलंही असतं तिने, मला माहीत होतं. तिने त्याला आपलं जुनं लुगडं गुंडाळलं, डोक्यावरून पदर ओढला, दुखरा हात पोटाशी झाकला आणि मागे बसवला. मी शिव्या देत स्कूटी काढली. त्याचं डोकं माझ्या पाठीवर टेकलेलं, पाठ ओली होत चाललेली. पाळीच्या वळणावर सोसायटीचे अध्यक्ष गणपतभाऊ चार माणसं घेऊन रस्ता अडवून उभे. प्रत्येकाच्या हातात काही ना काही. "कोण हाय वो मागं, मास्तरीणबाई?"

"वहिनीची भाची," मी म्हटलं. "सकाळपासून उलट्या होऊन राह्यल्या. तुमच्या अंगावर करायच्या आधी सोडा!" लोक बाजूला झाले. खोटं बोलताना माझी जीभ कधी अडखळत नाही, देवाची देणगीच म्हणा. दवाखान्याच्या फाटकाशी त्याला उतरवलं. तो काहीतरी पुटपुटला, मी ऐकायला थांबले नाही. नाव विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, आणि पुढे हा प्राणी कधी आभार मानायलाही आला नाही. वहिनीला त्याचं काही वाटलं नाही. मला अजून वाटतं.

तो जगला. बोटं गेली. दवाखान्यातून पोलिसांना कळलं आणि ओळख पटवायला गणपतभाऊंना बोलावलं. त्यांनी चोराचं तोंड ओळखलं नाही, मनगटावरून कापून काढलेला निळा दोरा मात्र ओळखला. तसा दोरा गावात एकाच अंगणात होता. दुसऱ्याच दिवशी समाजमंदिरात सोसायटी बसली. बायकाही आल्या, मी तर होतेच. कोणीतरी मागून ओरडलं, "अन् ते उलट्या करणारी भाची कुठी हाय?" लोक हसले, पण ते हसू लगेच विरलं. तळ्याकाठी मेलेल्या मासळीचा वास अजून येत होता, कोणाला हसायची इच्छा नव्हती.

गणपतभाऊ काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी वहिनीला वाट करून दिली. "वहिनी, तो थ्रेशरमधी हात गेला म्हणला असन. तुमाले काय मालूम तो चोर हाय म्हणून? बरोबर ना?" सगळ्यांना हेच हवं होतं. तिने "हाव" म्हणावं आणि विषय मिटावा. दादा तिच्याकडे बघत होता. राखणदारी, पट्टा, जाळ्यातला वाटा, सगळं तिच्या एका शब्दावर होतं. मी मागून तिला चिमटा काढला, "हो म्हण ना, बाई!"

"मालूम होतं," वहिनी म्हणाली. "बारुदाचा वास येत होता. त्यानं खोटं सांगतलं, मले पटलं नाई. मी त्याले मारलं बी. पण तो मरून राह्यला होता, भाऊ. दारात मरू देऊ का?"

मग एकीने तोंड उघडलं, "आमची लेकरं काय खातीन वो, यमुनाबाई?" वहिनी खाली मान घालून उभी राहिली. दादाची राखणदारी गेली. पट्टा संपेपर्यंत आमच्या घराला जाळ्यात वाटा नाही, असं ठरलं. निळा दोराही अंगणातून गेला. त्या रात्री मी तिला नाही नाही ते बोलले. एवढं खरं बोलून कोणाचं भलं झालं, विचारलं. ती म्हणाली, "शकू, भाकर खाय."

दादा तिच्याशी पावसाळाभर बोलला नाही. दुसऱ्यांच्या बांधीत रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, जायचा, संध्याकाळी यायचा, पानात पडेल ते खायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचा. पुढे हळूहळू बोलणं सुरू झालं, नव्या पट्ट्याला सोसायटीने वाटाही परत दिला. पण त्या सकाळचा विषय त्या घरात कोणी काढला नाही. मला वाटायचं, तलाव गेल्याचा राग याच्या पोटात अजून आहे.

तेरवी झाल्यावर पाहुणे पांगले. मी दादापाशी राहिले. त्याला धड दिसत नाही आता, पेपरही वहिनीच वाचून दाखवायची, त्यामुळे हे छापून आलं तरी त्याच्यापर्यंत पोचायचं नाही. मी ताट वाढलं. तो पुढच्या दाराकडे तोंड करून बसला होता, जेवत नव्हता.

"शकू, त्या दिवशी मले तिचा हात दिसला होता," तो एकदम म्हणाला.

"माहीत आहे, दादा. मी बघत होते."

"ढकलून आत जाता येत होतं मले. तिचं काय वजन वो... गेलो असतो तं मारलाच असता त्याले. त्याच्या मांगच होती ना कुऱ्हाड? आज मी जेलात मेलो असतो." त्याने ताट थोडं बाजूला सारलं. "लोकायले वाटते, तिनं त्या चोराले वाचवलं. तिनं मले वाचवलं. अन् मी बोललो नाई तिच्यासंग, पावसाळाभर. ते सांगाचंच राह्यलं." मग अगदी लहान पोरासारखं त्याने विचारलं, "तिले मालूम असन का वो, की मले समजलं म्हणून?"

आता खरं म्हणजे वहिनी याबद्दल माझ्याशी कधीच बोलली नव्हती. तिच्या मनात काय होतं, मला ठाऊक नाही. माझ्या जागी ती असती तर "मले नाई मालूम" म्हणून मोकळी झाली असती. पण मी यमुना नाही.

"होतं ना," मी म्हटलं. "मागच्या दिवाळीत मला म्हणाली होती."

"काय म्हणली?"

"म्हणाली, तुहा दादा बोलत नाई, पण त्याले सगळं समजलं हाय. माह्या मनात काई नाई."

दादाने मान हलवली. धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मग ताट परत पुढे ओढलं, भाकरी मोडली आणि माझ्याकडे जरासा सरकून बसला.

"अन् अजून काय म्हणली?"