साहेबांचा बॉल

सत्काराच्या दिवशी मी खुर्चीतून उठायलाच नको होतं.

माइकवरून म्हणाले, "आता येताहेत तिचे पहिले गुरू." आणि मी उठलो. इस्त्रीची पँट, बायकोनं खडू फासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. स्टेजच्या दोन पायऱ्या चढलोसुद्धा. मग नाव पुकारलं, ते क्लबच्या अध्यक्षसाहेबांचं. माझा एक पाय वर, एक खाली. साहेब अंग चोरून बाजूनं वर गेले. जाता जाता हळूच म्हणाले, "कुठं निघालास बे? नेट सैल झालंय, ते बघ."

माइक जवळच होता. सगळ्या मांडवानं ऐकलं. लोक हसले, मीही हसलो. वरून कोर्टावर जाऊन नेट तपासून आलो. सैल नव्हतं.

मी बीडच्या एका क्लबात मार्कर. टेनिसच्या मुरमाच्या कोर्टावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या. एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर समोर उभं राहून खेळायचं, आणि हरायचं. हे शेवटचं कुणी लिहून दिलं नव्हतं, पण पहिल्याच आठवड्यात समजलं. बॉल आत पडला की बाहेर, हे मार्कर सांगतो. साहेबांचा बॉल बाहेर पडत नसतो.

सत्कार होता माझ्या भाचीचा. सोनी. बहीण तेलगावला, पोरगी शाळेसाठी आमच्याकडं. माझ्यासोबत पहाटे कोर्टावर यायची. चौदाव्या वर्षी तिनं अध्यक्षसाहेबांना असं पळवलं की त्यांची टोपी एकीकडं, ते एकीकडं. मी घाबरलो. साहेब मागं पडले की मी खोकायचो. मी खोकलो की सोनीनं बॉल जाळ्यात घालायचा, असं ठरवून दिलं.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "मामा, त्यांचा बॉल तर बाहेर होता. कावून आत म्हणलात?"

मी म्हणालो, "साहेब हरले की आपलं कोर्ट बंद."

रडली. मग शिकली. हुशार पोरगी, इतकं सफाईनं हरायची की बघणाऱ्याला वाटावं, बिचारीनं जीव तोडून प्रयत्न केला. साहेब खूश होऊन तिला नवी रॅकेट देत. मी घरी येऊन बायकोला माझी हुशारी सांगे.

पुढं ती पुण्याला गेली, तिथून परदेशात. व्यावसायिक खेळाडू झाली, क्लबनं तो सत्कार केला तेव्हाच. जिंकायची आणि पंचांशी भांडायची. बॉल आत की बाहेर, यावरून रॅकेट आपटायची. पेपरवाले तिला 'वादग्रस्त' म्हणायचे. लोक विचारायचे, एवढी कावून चिडते ही? मला माहीत होतं. मी टीव्हीपुढं मान खाली घालून बसायचो.

मग एक सामना ती मुद्दाम हरली. सट्टेवाल्यांच्या सांगण्यावरून. चौकशीत कबूल केलं, बंदी आली. चूक तिचीच, मी झाकत नाही. आमच्या घरी आली आणि आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसली.

क्लबच्या हॉलमधला तिचा फोटो काढायचं काम माझ्याच वाट्याला आलं. मी स्टुलावर, खाली सगळे मेंबर. साहेब चहा ढवळत म्हणाले, "हरायला हिला या मार्करनंच शिकवलं."

जिंकली तेव्हा गुरू ते. हरली तेव्हा मी. अखेर मला तो मान मिळाला म्हणायचा.

वाईट हे, की बोलले ते खरं होतं. शिकवलं मीच. पण कुणापुढं हरायला? कुणाची मर्जी राखायला? फोटो छातीशी धरून स्टुलावरून उतरलो तेव्हा हे प्रश्न पहिल्यांदा मनात आले. माझी अक्कल अशी, वीस वर्षं रोलर फिरवल्यावर जागेवर आली.

थोड्या वेळानं खेळ सुरू झाला. साहेबांचा बॉल बाहेर पडला. सकाळी मीच आखलेल्या रेघेच्या वीतभर बाहेर, मुरमावर ठसा उमटलेला. सगळे माझ्याकडं बघू लागले. घशात खाज सुटली, सवयीची. गिळली.

"बाहेर," मी म्हणालो.

"नीट बघ बे."

"नीट बघितलं, साहेब. बाहेर हाय."

साहेबांनी रॅकेट बाकावर टाकली. उद्या सगळ्यांसमोर माफी मागायची, मगच कोर्टावर पाय ठेवायचा, म्हणाले. मी शब्द मागं घेतला नाही. आता घेणारही नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, ती नोकरीची काळजी करील, नाहीतर पाठ थोपटील. तिनं आतल्या खोलीकडं बघितलं, पदरानं हात पुसले.

म्हणाली, "जावा की उद्या. पोरीला बी संगं न्या. माफी तिची मागा, समद्यांसमोर. आन् मधीच खोकू नका."