उलट्या गाडीने चढलेला घाट

महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि माझी लॉरी जुनी. लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना, तेव्हा आधीच्या मालकाने केबिनमागे एक उभी लोखंडी टाकी बसवली होती. तीत लाकडी कोळसा पेटवायचा. त्याचा गॅस नळीतून इंजिनात गेला की गाडी चालायची. पुढे सगळ्यांनी अशा टाक्या भंगारात काढल्या. मी नाही. बाभळीचा कोळसा पेट्रोलपेक्षा स्वस्त पडे, आणि सौद्यात फुकट आलेली वस्तू मी टाकत नसतो.

मलकापूरच्या एका कापूस व्यापाऱ्याला भाच्याचं वऱ्हाड बुलढाण्याला न्यायचं होतं. घाटावरच्या खेड्यांतून त्याचा कापूस खाली आणायचं हंगामभराचं काम मला हवं होतं. बरीच घासाघीस झाल्यावर तो म्हणाला, "राजूर घाटात एकबी वऱ्हाडी खाली उतरा लागला नाही, तर काम तुले. उतरला, तर तुही चूल घरी ने."

मोताळ्यापर्यंत मजेत गेलो. घाटात मात्र गॅसचा जोर पुरेना. पहिल्या गिअरमध्येही गाडी हलेना.

"काऊन बे, फुंकणी आणू का?" मागून कोणीतरी ओरडलं. व्यापाऱ्याने तर एक पाय फळीबाहेर टाकलाच होता.

"मामाजी, पाय आत घ्या!" मी खेकसलो. गाडी उतारावर मागे सोडली, रुंद वळणावर तिचं तोंड फिरवलं आणि रिव्हर्स टाकला. त्या गाडीचा रिव्हर्स पहिल्या गिअरपेक्षा दमदार होता. मान मागे वळवून अख्खा घाट उलटा चढलो. धूर, काजळी सगळी माझ्या तोंडावर, नवरदेव पांढराशुभ्र.

वर पोचल्यावर व्यापाऱ्याला विचारलं, "उतरलं का कोणी?"

"नाही उतरलं. पन नवरदेव उलट्या गाडीनं सासरी आला. लोक काय म्हनतीन?"

"नवरदेवाचं तोंड बुलढाण्याकडंच होतं. पाठ होती ते माही!"

वऱ्हाड खो खो हसलं. तोही हसला, आणि काम दिलं पेट्रोलवाल्या दुसऱ्या लॉरीला. म्हणे, घाट सरळ चढत नाही ती गाडी काय कामाची? अहो, वर जायची ती रिकामी! कापूस घाट उतरतो, चढत नाही. हे मी त्याला तिथेच सांगितलं, बाजारात गाठून सांगितलं, त्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीत बसूनही सांगितलं.

"अजून एक जिलबी घे," तो म्हणाला.

जिलबी घेतली. मुद्दा सोडला नाही.