नर्मदेची कृपा आणि झाकणाचं कुलूप

चारुलता शितोळे यांचं पाण्याशी हाडवैर. घरी नव्हे, पीथमपूरच्या औषध कारखान्यात. इंदूरहून रोज कंपनीच्या बसने जायचं आणि ग्रिन्यार नावाचं एक तापट रसायन बनवायचं, यातच त्यांची उभी हयात गेली. कार्बनला कार्बन जोडायचं काम ते इमानाने करतं, म्हणून औषधवाल्यांचं लाडकं. पण पाणी लागलं की बिनसलं. भांडं कोरडं ठणठणीत हवं, आत हवेऐवजी नायट्रोजन हवा, आणि आग लागलीच तर पाणी नाही, कोरडी वाळू टाकायची.

नव्या रिअ‍ॅक्टरच्या पूजेला गेल्या वर्षी मालक विक्रमजींनी पाहुणे बोलावले होते. त्याच दिवशी चारुलताबाईंना प्लांट हेड म्हणून जाहीर करायचं ठरलं होतं. आरतीला खऱ्या ज्योतीऐवजी सेलवरची पणती बाईंनी भांडून मान्य करून घेतली, तेवढ्यावर भाबडेपणाने खूश झाल्या आणि वाळूच्या बादल्या बघायला गेल्या.

परतल्या तोवर झाकण लावून निशांतने, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या केमिस्टने, बॅच सुरूही केली होती. आतल्या मॅग्नेशियमवर ब्रोमाइडचा पहिला हप्ता पडला होता. आता भांडं आपसूक तापायला हवं, तर ते ढिम्म. पाहुणे घड्याळं बघू लागले.

"मॅडम, थोडा और डाल देते हैं," निशांत म्हणाला.

बाईंची नजर पूजेच्या ताटातल्या लोट्यावर गेली. "हा रिकामा कसा?"

"आतच वाहिलं," विक्रमजी प्रसन्नपणे म्हणाले. "नर्मदा मैयाचं पाणी आहे, चारुलताजी. इतक्याशा पाण्याने क्या होता है?"

"सुरू होत नाही, हेच होतं, सर. आपण घाईने आणखी ओततो, आणि मग सगळं एकदम उसळतं. बॅच बंद करायला हवी."

"आज? सगळ्यांसमोर? सोच लो."

बाईंनी विचार केला. खुर्ची हातची जाणार हे स्वच्छ दिसत होतं, आणि ती त्यांना फार हवी होती. त्यांनी स्वतःच व्हॉल्व्ह बंद केला.

संध्याकाळी निशांत प्लांट हेड झाला. शुभकार्यात मोडता घालणारी बाई म्हणून चारुलताबाईंची कीर्ती पार इंदूरच्या सराफा बाजारापर्यंत पोचली. स्फोट झाला असता तर त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटलं असतं. झालाच नाही, ही त्यांचीच चूक.

यंदाच्या पूजेत विक्रमजींना माइकवर भरून आलं. "सालभरात एक भी हादसा नाही. सगळी मैयाची कृपा!" मग त्यांनी रिअ‍ॅक्टरवर भक्तिभावाने लोटा उपडा केला. झाकणाला कुलूप होतं. पाणी बाहेरच्या बाहेर ओघळून गेलं.

चारुलताबाईंनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती.