एव्हरिलने कॅरव्हान विकली नाही

इंग्लंडातल्या हल शहरात कॅरव्हान, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं, बनवणाऱ्या कारखान्यात एव्हरिल स्टॅदर्सने एकतीस वर्षं खिडक्या बसवल्या. खिडकीच्या कडेने लांबी भरायची, चौकट दाबायची, अंगठा फिरवून जास्तीची लांबी काढायची. पाणी कॅरव्हानमध्ये कुठून शिरतं हे तिला जितकं कळायचं तितकं तिथल्या इंजिनिअरांनाही कळत नसे, असं मला तिच्या नवऱ्याने, नेव्हिलने, सांगितलं होतं. नेव्हिल ट्रक चालवायचा. आम्ही कॉटिंगहॅमला त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा त्यांच्या दारात पांढरी, दोन माणसांची कॅरव्हान उभी होती, आणि एप्रिल ते ऑक्टोबर ती दर दुसऱ्या शुक्रवारी गायब व्हायची.

कामाची वाटणी ठरलेली. गाडीला कॅरव्हान जोडून ओढत न्यायची, मागे घेऊन जागेवर लावायची, हे नेव्हिलचं. आतलं सगळं एव्हरिलचं. पस्तीस वर्षांत तिने एकदाही ओढली नव्हती, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

नेव्हिल एकाहत्तरचा झाला त्या वर्षी त्याला वर्तमानपत्रातली अक्षरं वाकडी दिसायला लागली. मग समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग. डॉक्टरांनी सांगितलं की कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल. लायसन्स त्याने स्वतःच पाकिटात घालून परत पाठवलं.

तिसऱ्या दिवशी त्याचा मेहुणा गॉर्डन आला. मी त्यांच्याकडे शिडी परत द्यायला गेले होते.

"कॅरव्हान मी नेतो," गॉर्डन म्हणाला. "चांगल्या घरी जाईल. तुम्हाला बघायलाही येता येईल."

"मांजराचं पिल्लू आहे का ते?" एव्हरिल म्हणाली. "ती कुठे जात नाही."

"अगं, पण ओढणार कोण?"

"मी."

गॉर्डन हसला. नेव्हिल हसला नाही. तो म्हणाला, "एव्ह, ती सव्वा टनाची आहे."

"तुझी आई त्याहून जड होती, तिला मी अकरा वर्षं सांभाळलं," असं म्हणून एव्हरिलने गॉर्डनच्या पुढ्यातली बिस्किटांची बशी उचलली. त्यावरून त्याला निघायचं कळलं.

रविवारी गुरांचा बाजार बंद असतो. त्याचं मोकळं पटांगण तिने मागून घेतलं आणि मला सोबत नेलं, कारण नेव्हिलशी भांडण झालंच तर मधे तिसरं कुणी हवं होतं. भांडण दहाव्या मिनिटाला झालं. पुढे ओढणं तिला सहज जमलं. मागे घेताना मात्र स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की कॅरव्हानचं बूड डावीकडे जाणार, आणि नेव्हिल मागून ओरडणार, "उजवीकडे! माझ्या नाही, तुझ्या! गाडीच्या नाही, कॅरव्हानच्या!"

चौथ्यांदा कॅरव्हान गाडीला काटकोनात येऊन अडकली तेव्हा एव्हरिल उतरली.

"तू ट्रकवाल्यांना शिकवलंस म्हणतोस. त्यातले किती जिवंत आहेत?"

"ते ऐकायचे."

"ते पगारी होते."

तिघांनी पायरीवर बसून चहा घेतला. एव्हरिल हात हवेत फिरवत होती. मग ती उठली आणि स्टिअरिंग वरून न धरता अगदी खालून धरलं. खालचा हात ज्या बाजूला सरकवावा, कॅरव्हानचं बूड त्याच बाजूला जातं, हे तिच्या हातांनी शोधून काढलं. त्यानंतर तिने नेव्हिलला डावं-उजवं म्हणायची बंदी केली. पटांगणाच्या एका अंगाला बाजाराच्या शेडी होत्या, दुसऱ्या अंगाला चर्च; त्याने फक्त 'बाजाराकडे' किंवा 'चर्चकडे' म्हणायचं. सहा रविवार गेले. सातव्या रविवारी ती दोन पिंपांच्या मधून मागे गेली, आणि नेव्हिल म्हणाला, "वाईट नाही." यॉर्कशरच्या माणसाकडून याहून जास्त शाबासकी मिळत नाही.

मेमध्ये ते पहिल्यांदा निघाले, हॉझ गावाच्या पलीकडे, एका शेतावरच्या कॅरव्हानच्या तळावर. त्या दिवसाची हकीकत मी दोघांकडून वेगवेगळी ऐकली आहे. एवढं दोघांचं जुळतं.

तळाकडे जाणारी वाट दोन्ही बाजूंनी दगडी गडग्यांची, जेमतेम एका गाडीची. अर्ध्यावर समोरून दुधाचा टँकर आला. टँकर मागे जाऊ शकत नव्हता; त्याच्यामागे वळण होतं आणि वळणावर मेंढ्या. एव्हरिलच्या मागे साठ-सत्तर पावलांवर एका शेताचं फाटक उघडं होतं. टँकरवाला काच खाली करून म्हणाला, "बाईसाहेब, यांना चालवायला सांगता का?"

"यांना तुम्ही दिसत नाही," एव्हरिल म्हणाली. "इंजिन बंद करा, मला यांचा आवाज ऐकायचा आहे."

नेव्हिल उतरून कॅरव्हानच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याने कॅरव्हानच्या मधोमध नजर लावली. तिथे त्याला काहीच दिसत नव्हतं. पण डोळ्यांच्या दोन्ही कडांना दोन्ही गडगे दिसत होते, एकाच वेळी, डोकं न हलवता. धड डोळ्यांच्या माणसाला इकडे तिकडे बघावं लागलं असतं. इथे बाजार नव्हता, चर्चही नव्हतं; एका अंगाला नदी होती, दुसऱ्या अंगाला डोंगर. तो म्हणाला, "नदीकडे थोडी. पुरे. आता डोंगराकडे, अर्धा हात." तो उलट्या पावलांनी चालत होता आणि ती त्याच्या आवाजावर येत होती. एकदा गडग्यातल्या पुढे आलेल्या दगडाला आरसा घासला. तिने थांबून, खाली उतरून, आरसा आत वळवला आणि पुन्हा सुरुवात केली. घाई केली नाही. कॅरव्हान फाटकात शिरली तेव्हा टँकरवाल्याने जाता जाता आभारादाखल स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं.

"पूर्वी मी हे एकट्याने केलं असतं," नेव्हिल गाडीत बसताना म्हणाला.

"पूर्वी तू तो आरसा तोडला असतास," ती म्हणाली. मग तिने आत वळवलेला आरसा पुन्हा बाहेर काढला आणि गाडी सुरू केली.

तळावर नेहमीप्रमाणे सगळ्या खुर्च्या नव्या पाहुण्याकडे वळल्या. शेजारच्या जागेवर लीड्सचा रसेल नावाचा गृहस्थ होता, त्याची कॅरव्हान दोन महिन्यांची, भली मोठी, मधोमध पलंग असलेली. तो मदतीला धावला.

"मी लावून देऊ का?"

"तुम्ही चहा टाका," एव्हरिल म्हणाली, "तो होईस्तोवर लावते." तिसऱ्या प्रयत्नात लागली, चहा थोडा निवला होता.

मग रसेलने आपली कॅरव्हान दाखवली. भिंतीवर दिव्यांचा, पाण्याचा, हीटरचा सगळा कारभार नुसतं बोट लावून चालवायच्या एका काचेच्या पट्टीवर. एव्हरिलने हीटरचं मनापासून कौतुक केलं. तिच्याकडचा सकाळी खोकल्याशिवाय पेटत नसे. पण मग ती कप्पे उघडायला लागली.

"कुकर छान आहे. गरम तवा उतरवून ठेवायचा कुठे?"

रसेलने आजूबाजूला पाहिलं. "पलंगावर?" त्याची बायको म्हणाली. तिला दोन महिने हाच प्रश्न पडला होता हे स्पष्ट होतं.

समोरच्या मोठ्या खिडकीखाली एव्हरिलने अंगठा दाबला, आणि तिचा चेहरा बदलला. पुन्हा दाबला, जरा डावीकडे.

"इथे ओल आहे."

"शक्य नाही. नवी कोरी आहे."

"म्हणूनच आज सांगते. अजून लाकूड कुजलेलं नाही."

रसेलला राग आला. चहा संपायच्या आत तो शेळ्या बघायला निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र वही-पेन घेऊन दारात उभा राहिला. "नेमकं कुठून येतंय, ते लिहून द्याल का?" तिने लिहून दिलं, चित्रासकट. जुलैमध्ये त्याचं पत्र आलं: विक्रेत्याने खिडकीखालची चौकट उघडली, गळती एव्हरिलने खूण केली होती तिथून दोन बोटांवर निघाली.

ती दोन बोटं तिच्या मनाला लागली. "वरच्या स्क्रूपासून माप धरायला हवं होतं," ती म्हणाली.

ऑक्टोबरात ते दोघं बर्मिंगहॅमला नव्या मॉडेलांच्या प्रदर्शनाला गेले, मलाही नेलं. एव्हरिलचं म्हणणं असं की कॅरव्हान बघायची नसते, वापरायची असते. म्हणून ती प्रत्येक मॉडेलमध्ये बूट काढून पलंगावर पडायची, संडासाचं दार लावून आत बसायची, नेव्हिलला डोळे मिटून दिव्याचं बटण शोधायला लावायची. बाहेर रांग लागायची. काचेची पट्टी असलेली सगळी मॉडेलं तिने बाद केली. नेव्हिलच्या बोटांना तिथे काहीच लागत नव्हतं.

एक विक्रेता नेव्हिललाच समजावत राहिला. वजन, टायर, ब्रेक.

"मला काय सांगतोस, बाबा," नेव्हिल म्हणाला. "ओढणार ती. मी फक्त मागे उभा राहतो."

शेवटी त्यांनी एक लहान, हलकी, साध्या बटणांची कॅरव्हान मागवली. प्रदर्शनात तिच्याकडे फारसं कुणी फिरकत नव्हतं. कुकरशेजारी तवा ठेवायला जागा होती. एव्हरिलने खिडक्यांच्या कडेने चारही बाजूंनी अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ज्याने हे केलंय त्याला घाई नव्हती."

जुनी कॅरव्हान गॉर्डनला दिली. त्याला ती दारात लावता येईना, तेव्हा एव्हरिलने जाऊन लावून दिली. आता नेव्हिलच्या कडांनाही जरा धूसर दिसू लागलं आहे, तरी गेल्या उन्हाळ्यात ते स्कॉटलंडच्या वरच्या टोकापर्यंत जाऊन आले. तिथे समुद्र कसा होता असं मी विचारलं. नेव्हिल म्हणाला, "मला वास आला. बाकीचं हिने सांगितलं, आणि नेहमीसारखं फार लांबवलं."